कच्च्या टाक्यांचा कोट

"आठ दिवस! फार तर नऊ. दहाव्या दिवशी मी ऑफिसात खुर्चीवर बसलेला असेन!"

पदवीचा कागद हातात पडला त्या दिवशी त्यानं घरात असं जाहीर केलं. तेही स्टुलावर उभं राहून! स्टूल बाबांच्या शिलाई मशीनचं होतं, त्याचा एक पाय आखूड. त्यामुळे बोलताना तो जरा डुगडुगला, पण आवाज काही डुगडुगला नाही.

या गोष्टीला आठ महिने झाले. गल्लीत आता सगळे त्याला 'पदवीधर' म्हणत. आधी कौतुकानं म्हणत, मग नुसतंच म्हणत आणि अलीकडे म्हणताना हसू दाबत. "काय पदवीधर, भाजीला का?" असं कुणी विचारलं, की हा पिशवी पाठीमागे लपवायचा. पण पिशवी अशी लपते होय? पालेभाजी शेपटीसारखी मागून बाहेर!

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या खोलीत संसार. बाबा कपडे शिवत. गिऱ्हाईकं त्यांना मास्तर म्हणत. आई शेजारी बसून काजं करी, बटणं लावी आणि तोंडानं टोमणे मारी. तिन्ही कामं एकाच वेळी आणि सारख्याच सफाईनं. बाबांना अक्षरओळख झाली ती चाळिशी उलटल्यावर, मुलाच्याच पहिलीच्या पुस्तकावरून. पदवीचा कागद त्यांनी बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत, शिक्क्यासकट वाचला होता. अर्धा तास लागला. मग कागद चिमटीत धरून त्यांनी त्याचा पोत बघितला आणि म्हणाले, "माल चांगला आहे. फक्त धुऊ नकोस."

अलीकडे बाबांची नजर मात्र अधू झाली होती. सुईत दोरा जाईना. दोनदा, तीनदा, चारदा करून बघत आणि शेवटी हाक मारत, "अरे, जरा ओवून दे रे!" मग पदवीधर उठायचा, एका झटक्यात दोरा ओवायचा आणि परत आडवा व्हायचा. "शिकल्यासवरल्याचा एवढा तरी उपयोग झाला," आई म्हणायची. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, की मास्तर, फार तर वर्षभर, मग हे काम सोडा. म्हणजे पोराची नोकरी ही एकट्या पोराची नव्हती. हे त्याला कळत होतं. कळत होतं म्हणूनच तो जास्त मोठ्यानं बोलायचा.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. कॉलेजच्या तीन वर्षांत त्यानं एकाही मित्राला घरी आणलं नव्हतं. घर फार लांब आहे, असं सांगे. आणि घर होतं कॉलेजच्या मागच्याच गल्लीत!

"बाबा, एक लक्षात ठेवा," त्यानं बजावलं होतं, "गिऱ्हाइकांजवळ माझ्यासाठी शब्द टाकायचा नाही! मी माझ्या पदवीवर नोकरी मिळवणार."

"बरं," बाबा म्हणाले. तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे 'बरं'पेक्षा जास्त काही म्हणताही येत नव्हतं.

मग एके दिवशी बाबांनी त्याच्या हातात एक चिठ्ठी ठेवली. त्यांच्या मोठ्या, वाकड्या अक्षरात एका खोक्यांच्या कारखान्याचा पत्ता होता. खाली लिहिलं होतं, 'ऑफिसात माणूस पाहिजे. गुरुवारी अकरा.'

"हे कुठून आणलंत?"

"बटणं ज्या कागदात बांधून आली, त्याच्यावर जाहिरात होती. उतरवून घेतली."

"पुठ्ठ्याची खोकी बनवणारा कारखाना? मी आणि खोकी?"

"आठ महिने खोक्यासारखाच तर पडून आहेस," आतून आई म्हणाली. "शोभशील तिथं!"

जायचं ठरलं. पण मुलाखतीला जायचं म्हणजे कोट हवा! बाबांनी तीन दिवस दुसरी कामं बाजूला सारली आणि गडद निळ्या कापडाचा कोट बेतला. बुधवारी संध्याकाळी तो हँगरला लागला. गुरुवारी सकाळी पक्की शिलाई मारायला बसले, तर मशीनची सुई कट्कन मोडली.

"सुई घेऊन आलोच," चपला शोधत बाबा म्हणाले. "कोटाला हात लावू नकोस. कच्चा आहे अजून."

कच्चा? पदवीधरानं कोट निरखून पाहिला. खांदे जागेवर, बाह्या जागेवर, कॉलर तर अशी ऐटदार की बस्स! दोष एकच होता. कोटभर पांढऱ्या दोऱ्याचे लांबलांब टाके पसरले होते. खांद्यावरून, कॉलरखालून, बाहीच्या गोलाईवरून... निळ्या कोटावर पांढरे दोरे! बाबांची नजर गेली ती गेली, त्याला वाटलं. आणि त्याला बाबांची दयाच आली हो!

त्यानं एक दोरा चिमटीत धरला आणि ओढला. दोरा सुळकन निघाला. दुसरा निघाला. तिसरा तर गाढ झोपेतल्या माणसाच्या डोक्याखालून उशी काढावी तसा अलगद आला. त्याला त्यात मजाच वाटायला लागली. दहा मिनिटांत कोट स्वच्छ! जमिनीवर दोऱ्यांचा हा एवढा गुंता.

बावीस वर्षं शिलाई मशीनच्या आवाजात वाढलेल्या या पदवीधराला ठाऊक नव्हतं, की पक्की शिलाई पडेपर्यंत सगळा कोट त्या पांढऱ्या टाक्यांवरच उभा असतो. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत होतं. पण याला कोण सांगणार? यानं कधी विचारलंच नव्हतं.

"अरे थांब, ते येतायत!" आई ओरडली.

"आई, तासभर आधी पोचणं याला शिस्त म्हणतात!" तो उंबरठ्यावरून म्हणाला आणि निघाला.

कारखान्याच्या ऑफिसात त्याला एक फॉर्म मिळाला. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, गुण लिहिले. मग एक रकाना आला: वडिलांचा व्यवसाय. समोरच्या बाकावर आणखी दोन उमेदवार टाय लावून बसले होते. त्यानं फॉर्मवर हाताचा आडोसा केला आणि लिहिलं, 'वस्त्रोद्योग (सल्लागार)'.

त्याचं नाव पुकारलं गेलं. तो उठला. दारावर टकटक करायला त्यानं डावा हात वर केला आणि खांद्याजवळून बारीक आवाज आला.

टर्र.

हात वरच राहिला. पदवीधरानं श्वास रोखला, हात हळूहळू खाली आणला आणि कोपर बरगडीला असं चिकटवलं, जणू काखेत अंडं आहे.

आत दोघं होती. टेबलामागे मोठे साहेब, चांगले ऐसपैस, खुर्ची पुरत नव्हती असे. शेजारी चष्मेवाल्या ऑफिसप्रमुख बाई. बाईंनी फॉर्म वाचला आणि साहेबांकडे सरकवला. साहेबांनी पत्ता वाचला. मग खालचा रकाना वाचला. पुन्हा पत्ता वाचला.

"वडील वस्त्रोद्योगात का?"

"हो सर. म्हणजे... मोठमोठे लोक त्यांचा सल्ला घेतात."

"कशाबाबत?"

"मापांबाबत," त्याच्या तोंडून निघून गेलं. "म्हणजे धोरणात्मक मापं, सर!"

साहेब मिशीत काहीतरी पुटपुटले. बाईंनी मग टेबलाखालून पुठ्ठ्याचं घडी घातलेलं खोकं काढून त्याच्यापुढे ठेवलं. "हे उभं करून दाखवा. इथं सगळ्यांना येतं. मलासुद्धा."

खोकं उभं करायला लागतात दोन हात! याच्याकडे होता एकच. दुसरा अंडं सांभाळत होता. त्यानं उजव्या हातानं एक बाजू उघडली, की दुसरी मिटे. दुसरी उघडली, की पहिली गालावर फाट्कन बसे. त्यानं हनुवटी लावली, गुडघा लावला. शेवटी तो खोक्याशी असा झोंबायला लागला, की खोकंच जिंकतंय हे उघड दिसत होतं.

"डाव्या हाताला काही लागलंय का?" बाईंनी काळजीनं विचारलं.

"छे छे!" तो म्हणाला आणि दाखवायला त्यानं हात लांब केला.

आतले राहिलेसाहिले चार टाके गेले. बाही खांद्यापासून सुटली, दंडावरून घसरली, कोपरावर क्षणभर विसावली आणि त्याचा हात टेबलावर असल्यामुळे सरळ साहेबांच्या पुढ्यात जाऊन पडली.

"नवी पद्धत आहे, सर," पदवीधर म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते. "सुटी बाही. उन्हाळ्यात काढून ठेवता येते."

"आणि कॉलर?" साहेबांनी विचारलं.

त्यानं मानेला हात लावला. कॉलर पाठीवर लोंबत होती.

इतक्यात दार उघडलं. मागून शिपाई ओरडत होता, "ओ काका, असं आत जाता येत नाही!" आणि पुढे बाबा! गळ्यात टेप, बोटावर अंगुस्तानाची टोपी, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात आईची. धावून धावून छातीचा भाता झालेला. जमिनीवरचा दोऱ्यांचा गुंता बघून ते तसेच निघाले होते.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

पदवीधरानं बाबांकडे पाहिलं. टेपकडे पाहिलं. आईच्या चपलेकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडलं आणि त्यातून जे शब्द बाहेर पडले, ते त्याला आजही झोपेतून उठवतात.

"हे... आमचे कारागीर आहेत."

बाबा जागीच थांबले. एकदाच त्यांनी मुलाकडे पाहिलं. मग साहेबांकडे बघून मान हलवली.

"होय साहेब. यांच्याकडेच असतो मी. बावीस वर्षं झाली. कोट माझ्या चुकीनं कच्चा गेला, यांचा काही दोष नाही. दोन मिनिटं द्या, अंगावरच लावून देतो."

कुणाच्या होकाराची वाट न बघता त्यांनी बाही उचलली, झटकली, पोराच्या हातात चढवली आणि खिशातून सुईदोरा काढला. दोरा सुईपाशी नेला. हुकला. पुन्हा नेला. पुन्हा हुकला. तिसऱ्यांदा तर दोरा सुईपासून चार बोटं लांबून गेला.

पदवीधर ते बघत होता. आणि मग रोजच्या सवयीनं त्याचा हात आपोआप पुढे झाला.

"द्या इकडे, बाबा."

एका झटक्यात दोरा सुईत! त्यानं सुई परत दिली आणि मग त्याच्या लक्षात आलं, की आपण काय बोलून बसलो. जमीन दुभंगली असती, तर तो खोक्यासकट आत गेला असता.

"कारागिराला बाबा म्हणता?" बाईंनी चष्मा वर केला.

साहेब मात्र आता खदखदा हसत होते. "मास्तर, पोरगा दोरा छान ओवतो तुमचा! गेल्या आठवड्यात माझी मापं घेताना तोंडात टाचण्या धरून पाऊण तास याचंच कौतुक केलंत. त्या नादात माझी कंबर चार बोटं जास्त लिहिलीत ना?"

"नाही साहेब," टाका घालत बाबा शांतपणे म्हणाले. "ती तेवढीच आहे."

पदवीधरानं चमकून बघितलं. "म्हणजे? ती बटणांच्या कागदावरची जाहिरात?"

बाबा ओशाळले. "शब्द नव्हता टाकला रे. तू नको म्हणाला होतास. मी नुसतं विचारलं, की माणूस पाहिजे का. आणि पत्ता लिहून घेतला."

साहेबांचं हसू थांबलं होतं. त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. "हा एक रकाना चुकलाय. नीट लिहा."

त्यानं 'वस्त्रोद्योग' खोडलं, 'सल्लागार' खोडलं. बाजूला लिहिलं, 'शिवणकाम'. आयुष्यात एवढ्या परीक्षा दिल्या, पण एक शब्द लिहायला इतका वेळ कधी लागला नव्हता. बाबांनी खांद्यावरून वाकून बोट ठेवलं आणि वाचलं, "शि... व... ण... हां. बरोबर आहे."

"सोमवारपासून या," बाई म्हणाल्या. "तीन महिने बघू. आधी खोकं उभं करायला शिका. आणि तो कोट नको. इथं सगळीकडे गोंद सांडलेला असतो. साध्या शर्टात या."

परत येताना बाबा त्याच्या मागे दोन पावलं ठेवून चालत होते, दोन वेगळ्या चपलांचे दोन वेगळे आवाज करत.

"बाबा, बरोबरीनं चला ना."

"असू दे. कारागीर मागंच चालतो."

हे ते चिडून म्हणाले की थट्टेनं, हे त्याला मागे वळून बघायचं धाडस झालं नाही म्हणून कळलं नाही. पुढच्या कोपऱ्यावर तो थांबला आणि बाबा शेजारी येईपर्यंत हललाच नाही. कॉलेजच्या मित्रांपैकी एक जण समोरून सायकलवरून आला. "कोण रे हे?" त्यानं ब्रेक दाबत विचारलं.

"माझे बाबा. कपडे शिवतात," पदवीधर म्हणाला. इतक्या मोठ्यानं म्हणाला, की बाबा दचकले.

घरी आईला नोकरीचं कळलं. बाकीचंही कळलं, कारण बाबांनी काही सांगितलं नाही तरी यानंच सांगितलं, खाली मान घालून, 'कारागीर' या शब्दासकट. आई हातातलं बटण लावत राहिली. टोमणासुद्धा नाही! त्याला वाटलं, त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काढ तो कोट," शेवटी ती म्हणाली. "घामानं थबथबलायस."

त्यानं कोट काढायला घेतला. उजवी बाही निघाली. डावी निघेना. त्यानं खांदा झटकला, हिसका दिला. कोटाबरोबर शर्टही वर आला आणि बगल करकचली.

बाबा जवळ आले, चाचपडून बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. ऑफिसातल्या घाईत, चष्म्याशिवाय, अंधुक नजरेनं, त्यांनी कोटाची बाही आतल्या शर्टासकट शिवून टाकली होती. तीही अशी पक्की, की पुढची दहा वर्षं हलणार नाही!

पदवीधराचा हात सवयीनं शिवणीतल्या दोऱ्याकडे गेला.

"खबरदार!" आई आणि बाबा एकदमच ओरडले.

त्यानं हात मागे घेतला. बाबांचा चष्मा सापडेपर्यंत तो खोलीच्या मध्यभागी, एक हात वर करून, मापाला उभ्या राहिलेल्या लहान पोरासारखा तसाच उभा राहिला. आणि दारातून गल्लीतला कुणीतरी विचारत होता, "काय पदवीधर, कुणाला सलाम चाललाय?"