दत्तारामांची डायरी आणि पाच खाचरं

मुंबईच्या कचेरीत छत्तीस वर्षं आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला पाच खाचरांची भातलावणी कठीण ती काय जाणार, असं दत्तारामांचं ठाम मत होतं. निवृत्तीला महिना उरला असताना कचेरीने त्यांना वेळेच्या नियोजनाच्या शिबिराला पाठवलं. हे म्हणजे वरातीमागून घोडंच! पण दत्तारामांनी निवृत्त होताच ते घोडं थेट पोलादपूर स्टँडवर आणून उतरवलं.

उमरठच्या वाटेवरच्या वाडीत त्यांचं घर. आनंदीबाई, त्यांची बायको, सगळी वर्षं इथेच राहिलेली. दत्ताराम यायचे ते गणपतीला. तेव्हा भात कमरेला लागलेलं असायचं. ते तिथवर कसं पोचतं हे बघायला आषाढात कधी रजाच मिळाली नाही. मात्र बाहेर पाऊस लागला की आवक-जावकच्या टेबलावर बसल्या बसल्या त्यांच्या नाकाला चिखलाचा वास यायचा. आठ वर्षांचा दत्ता बांधावरून रोपांच्या मुठी फेकतोय, आई रांगेत वाकून गाणं म्हणतेय, बाप बैलांवर ओरडतोय आणि अख्खी वाडी शेतात उतरलीय. या एका चित्रावर त्यांनी छत्तीस पावसाळे काढले होते.

म्हणून शिबिरात मिळालेल्या डायरीच्या पहिल्याच पानावर त्यांनी लिहिलं, ‘ध्येय: सोळा जुलै, गुरुवार. सकाळी सात ते संध्याकाळी पाच. पाचही खाचरं.’ खाली कामांचे तीन रकाने. ‘अ’मध्ये महाडहून खत आणणं, पॉवर टिलर ठरवणं, बांध घालणं. ‘ब’मध्ये छपराचे पत्रे. आणि ‘क’, म्हणजे नाही केलं तरी चालेल अशा रकान्यात, ओट्यावरच्या गप्पा आणि दुसऱ्यांच्या शेतांवर जाणं.

जुलै लागताच बालमित्र रामा ओट्यावर येऊन बसला. परवा त्याची लावणी होती, दत्तारामांनी यावं असं त्याचं म्हणणं. दत्तारामांनी डायरी चाळली आणि परवाचा दिवस खताला दिलेला असल्याचं त्याला समजावून सांगितलं. रामाने डोकं खाजवलं आणि तो चहा न घेताच गेला. मग लावणीला या म्हणून वाडीतल्या सोनाबाईचा निरोप आला, सदूचा आला. सगळे ‘क’मध्ये गेले.

आनंदीबाई मात्र रोज सकाळी डोक्यावर प्लास्टिक घेऊन निघायच्या त्या अंधारून येताना परतायच्या. कुठे जातेस विचारलं की, "हितंच जाऊन येते." दत्ताराम डायरीत नोंद करायचे, ‘आनंदी. वेळेचा अपव्यय, अकरा तास.’ अशा बारा नोंदी झाल्या.

गुरुवार उजाडला. चिखलणी झालेली, मुठी बांधून ठेवलेल्या. आनंदीबाई नेहमीप्रमाणे गेलेल्या. पावणेसातला दत्ताराम छत्री आणि डायरी घेऊन बांधावर हजर. सात वाजले. कुणीच आलं नाही! तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की माणसं बोलवायचं काम कुठल्याच रकान्यात लिहिलेलं नाही. बापाने कधी कुणाला बोलवल्याचं त्यांना आठवत नव्हतं. माणसं आपली यायची. बाप त्यांच्याकडे जायचा तेव्हा दत्ता शाळेत असायचा, त्यामुळे ती अर्धी आठवण त्यांच्याकडे नव्हतीच.

रोपं महिन्याची होऊन पिवळी पडायला लागली होती. आणखी थांबलं तर ती लावूनही जीव धरणार नव्हती, आणि पहिल्याच वर्षी बापाची खाचरं ओसाड राहणार होती. दत्ताराम धोतर खोचून एकटेच उतरले. बारा वाजेपर्यंत पाव खाचर लागलं आणि कंबर धरली. ते बांधावर टेकले आणि त्यांना चक्क रडू आलं.

तेवढ्यात वाटेवर निळी-पिवळी प्लास्टिकं दिसली. पुढे आनंदीबाई, मागे रामा, सोनाबाई, सदूचं अख्खं घर, मिळून चौदा माणसं. सदूचं उरलेलं खाचर सकाळी उरकून सगळे इकडे वळले होते.

"पण मी तर तुझ्याकडे आलो नाय रे," दत्ताराम रामाला म्हणाले.

"तू नाय आलास. वयनी आली ना. छत्तीस वरसं तीच येतेय." रामा चिखलात उतरला. "तू मुठी फेक. तेवढं तुला येतंय."

दत्तारामांनी मुठी फेकल्या. सोनाबाईने गाणं धरलं. ते आईचंच होतं, आणि दत्तारामांना दुसऱ्यांदा रडू आलं, पण तोंडावर पाऊस असल्याने ते खपून गेलं. शेवटची मूठ रोवली तेव्हा सहा वाजले होते. ध्येय एका तासाने हुकलं आणि त्याचं दत्तारामांना काहीच वाटलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी भिजलेली डायरी चुलीपाशी शेकली, पेन घेतलं आणि त्या बाराच्या बारा नोंदींवर काट मारली. मग मोठ्या समाधानाने म्हणाले, "काय पण म्हण गो, पाव खाचर तरी मी एकट्याने लावलं."

आनंदीबाई भाकरी थापत होत्या. "अवो, ते सोनाबायनं उपटून परत लावलं. रांगा वाकड्या व्हत्या."

दत्तारामांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. मग नव्या पानावर त्यांनी लिहिलं, ‘दत्ताराम. वेळेचा अपव्यय, पाच तास.’