कुटुंब मेळावा, फोटोसह

कुटुंब ही समाजाची मूलभूत संस्था असून तिला भेटायचं तर आधी रजेचा अर्ज करावा लागतो. चौदा वर्षांच्या नोकरीत राजदीप सपकाळेला हे पुरतं पटलं होतं. तो एका बियाणे कंपनीत क्षेत्र अधिकारी होता. धुळे, अमळनेर, भडगाव, चाळीसगाव हे त्याचं क्षेत्र. घर धुळ्यातच, देवपुरात; म्हणजे क्षेत्राच्या आत, पण कुठल्याच दौऱ्याच्या वाटेवर नाही.

गावोगाव शेतकरी मेळावे घेणं हे त्याचं काम. मेळावा झाला की नाही, हे कंपनीचं ॲप ठरवायचं. फोटोत बॅनर हवा, किमान पंधरा चेहरे हवेत, ठिकाण आणि वेळ आपोआप उमटलेली हवी. फोटो चढला की मेळावा पार पडला. चहा त्यानंतर आणि कपाशीवरच्या शंका त्याच्याही नंतर (शंकांना ॲपमध्ये रकाना नव्हता).

मागच्या वर्षी कंपनीतली सात माणसं 'घरगुती कारणास्तव' सोडून गेली. वरिष्ठांनी याची अत्यंत गांभीर्याने दखल घेतली. दौरे कमी करावेत अशी एक सूचना आली होती. ती मांडणाऱ्याला सगळ्यांनी समजून घेतलं आणि सूचना बाजूला ठेवली. शेवटी ॲपमध्येच नवा रकाना उघडण्यात आला: 'कुटुंब मेळावा'. आठवड्याला तीन. किमान दोन चेहरे, पैकी एक हसरा. बॅनरची अट मोठ्या मनाने शिथिल करण्यात आली.

राजदीपला हा निर्णय आवडला. त्याची मुलगी प्रज्ञा चौथीत होती. शाळेची सायकल फेरी महिन्यावर आली होती आणि तिला सायकल येत नव्हती.

"पप्पा, मागून तुम्हीच धरायचं," ती म्हणाली होती. "मम्मी घाबरते. ती घाबरली की मी पडते."

राजदीपलाही तेच हवं होतं. लहानपणी अमळनेरच्या गल्लीत त्याच्या वडिलांनी, आधारनानांनी, त्याला असंच धरलं होतं. वडील गेले, पण मागचा तो हात त्याला अजून आठवायचा. प्रज्ञालाही तसा एक हात आठवावा, एवढीच त्याची इच्छा होती. ती कंपनीच्या धोरणातही बसत होती.

पहिला मेळावा रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी झाला. प्रज्ञा सायकलवर बसली, राजदीपने कॅरिअर धरलं, त्याच्या बायकोने, सविताने फोन धरला. पहिल्या फोटोत ऊन तोंडावर आलं. दुसऱ्यात प्रज्ञा हसली नाही. तिसरा जमला आणि तेवढ्यात चाळीसगावहून विक्रेत्याचा फोन आला. राजदीपची आई मंदाबाई ओट्यावर बसून बघत होती.

"राजू, तू पोरले धरी ऱ्हायना का फोनले?" तिने विचारलं.

महिन्याअखेर आकडेवारी अशी निघाली: कुटुंब मेळावे बारा, एकूण वेळ एक्कावन्न मिनिटं, पैकी सायकल प्रत्यक्ष पुढे सरकली ती सात मिनिटं. ॲपने राजदीपला शंभर टक्के दिले. खानदेशात तो पहिला आला.

बक्षीस म्हणून त्याला जळगावात इतर अधिकाऱ्यांसमोर 'दौरा आणि घर यांचा समतोल' या विषयावर बोलायचं होतं, नेमकं सायकल फेरीच्या रविवारी. (पुढच्या दोन महिन्यांत हेच भाषण आणखी अकरा ठिकाणी ठेवलं होतं. घरी वेळ कसा द्यावा हे सांगायला सव्वीस दिवस बाहेर राहावं लागणार होतं.) राजदीपने धीर करून आपल्या वरिष्ठांना, हेमराज साहेबांना फोन लावला.

"साहेब, त्या दिवशी पोरीची सायकल फेरी आहे हो."

"अरे वा!" साहेब खूश झाले. "हे उदाहरण भाषणात घेच."

राजदीपने ते घेतलं. पडद्यावर बारा फोटो एकामागून एक सरकले. एका अधिकाऱ्याने डोळे टिपले. स्वतः राजदीपनेही टिपले, आणि ते खरोखरच ओले होते.

संध्याकाळी तो धुळ्याला परतला. गल्लीच्या तोंडाशी उतरतो तोच समोरून घंटी वाजली. प्रज्ञा सायकलवर होती. ताठ बसून आली, त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि ब्रेक लावून थांबली. छातीवर शाळेच्या फेरीचा बिल्ला होता.

"कोणी शिकवलं?"

"आजीने. पाच दिवसांत."

मंदाबाई जन्मात सायकलवर बसली नव्हती. पदर खोचून ती रोज संध्याकाळी नातीमागे कॅरिअर धरून पळाली होती. त्याचा एकही फोटो नव्हता, त्यामुळे कंपनीच्या लेखी हे घडलेलंच नव्हतं.

राजदीपला मनापासून आनंद झाला आणि त्याहून मनापासून वाईट वाटलं. तेवढ्यात त्याला आठवलं की या आठवड्याचा तिसरा मेळावा राहिलाय.

"बेटा," तो म्हणाला, "एकदा डगमगल्यासारखं कर ना. मी मागून धरतो."

प्रज्ञाने त्याच्याकडे पाहिलं. घरी पाहुणे आले की ती शहाण्यासारखी वागायची, तसा तिचा चेहरा झाला.

"हो पप्पा. किती वेळ डगमगू?"

प्रज्ञामागोमाग आलेल्या सविताने फोन धरला. प्रज्ञा उत्तम डगमगली. राजदीपने कॅरिअर घट्ट पकडलं. फोटो पहिल्याच खेपेला जमला.

"झालं ना पप्पा? आता सोडा."

त्याने सोडलं. ती सरळ निघून गेली.

'लेकीला सायकल शिकवताना' या ओळीसह तो फोटो कंपनीच्या नियमाप्रमाणे समाजमाध्यमांवर सगळीकडे टाकण्यात आला. सकाळपर्यंत त्याला दोनशे सहा अंगठे मिळाले. त्यातला एक, वाचकहो, आपला आहे. आपण तो दाबत होतात तेव्हा घरातलं कोणीतरी आपल्याशी बोलत होतं आणि आपण 'हं' म्हणालात. ते काय सांगत होतं, हे आठवत असेल तरच राजदीपला हसावं.