दोघांची एक फीत

चिंचलोण गावात नगराध्यक्षांनी फीत कापल्याशिवाय मूल चालायला लागत नाही.

प्रणिताची ओवी सव्वा वर्षाची झाली होती. भिंतीला धरून उभी राहायची, पाय उचलायची आणि उचललेला पाय तिथेच परत ठेवायची. फीत लांबली की पोरांचे पाय बारीक पडतात, असं शेजारणी म्हणायच्या. रोज तेल लावताना प्रणिता ओवीच्या पोटऱ्या चाचपून बघायची.

सोमवारी ती पोरीला कडेवर घेऊन नगरपंचायतीत गेली. नगराध्यक्ष सुमतीताई व्यायामशाळेच्या उद्घाटनाला गेल्या होत्या. मंगळवारी दोन आळ्यांचं पाण्यावरून वाजलं, म्हणून टाकीपाशी होत्या. बुधवारची सभा दिवेलागणीपर्यंत चालली आणि गुरुवारी त्यांना जिल्ह्याच्या बैठकीला जावं लागलं. प्रणिता आपली रोज पायरीवर बसून. शिपाई म्हणायचा, वहिनी, ताईंना जेवायला सवड नाही, तुम्ही पोरीच्या पायाचं काय घेऊन बसलात.

शुक्रवारी ताई सापडल्या. जीपमध्ये बसून भाकरी खात होत्या. कात्री धरून धरून अंगठ्याला फोड आला होता, त्यावर चिंधी बांधलेली. जीपच्या पलीकडच्या अंगाला शेजारची कुसुममावशी उभी होती. तिचे सासरे आण्णा अंथरुणाला खिळले होते. या गावात मरणाऱ्या माणसालाही फीत लागते, त्याशिवाय जीव सुटत नाही. आण्णांना तर आता पाण्याचा घोटही उतरत नव्हता.

ताईंनी दोघींचं ऐकून घेतलं.

"उद्या संध्याकाळी एकच कार्यक्रम बसतो," त्या म्हणाल्या. "पुढे दिवाळीपर्यंत जागा नाही. पोरीचा घ्यायचा का म्हाताऱ्याचा, ते तुम्ही दोघी ठरवा."

"हिच्या पोरीचाच घ्या ताई. आमचे आण्णा काय, काढतील कळ."

प्रणिताला हो म्हणायचं होतं. अगदी ओठांपर्यंत आलंही. पण आण्णांचं कण्हणं मधल्या भिंतीतून तिच्या घरात यायचं, आणि ते ऐकून ओवी झोपेत दचकायची. दिवाळीपर्यंत ते तसंच येत राहणार होतं.

"ताई, एकच फीत लांब बांधली तर?"

ताईंचा घास हातातच राहिला. त्यांनी बराच विचार केला.

"एक फीत म्हणजे एक कार्यक्रम, असा ठराव आहे," त्या म्हणाल्या. "लांबीचं त्यात काही म्हटलेलं नाही."

शनिवारी आण्णांच्या खाटेच्या खुरापासून दाराच्या कडीपर्यंत लाल फीत बांधली. दाराकडच्या अंगाला प्रणिताने ओवीला उभं केलं आणि हात सोडला. ताई आल्या, हार नको म्हणाल्या, फोडाच्या अंगठ्यानेच कात्री धरली आणि फीत कापली.

आण्णांनी एक लांब श्वास सोडला. पुढचा घेतला नाही.

ओवीने पाय उचलला आणि पुढे टाकला. मग ती तिथेच डुलायला लागली. टाळ्या झाल्या नाहीत तर टाकलेलं पाऊल टिकत नाही. पण मयत झालेल्या घरात टाळी कोण वाजवणार? ताईंनी हात पुढे केले आणि मागे घेतले. शिपाई जमिनीकडे बघत राहिला. प्रणिताचे तर हातच उचलेनात.

कुसुममावशीने सासऱ्यांचे डोळे मिटवले, पदराने आपले पुसले आणि टाळी वाजवली. मग आणखी एक. तेव्हा सगळ्यांनी वाजवल्या, हळूच.

ओवी उंबरा ओलांडून अंगणात गेली. ताई पुढच्या कामाला निघाल्या, जीप चालू झाली. प्रणिता पोरीच्या मागे धावत सुटली, कारण अंगण संपलं की लगेच रस्ता होता.