फेस्ताच्या दिवसाची रापण

“दोर धरलो म्हणजे ओढलो न्हय!” रापणीचा म्होरक्या कैतान तांडेल वाळूवर पाय आपटत गरजला.

देवबागच्या चर्चचं फेस्त, म्हणजे वर्षाचा सण होता. दुपारी साऱ्या गावाला माशांची कढी जेवू घालीन, असा शब्द कैतानने फादरना दिला होता. सकाळी होडीने समुद्रात रापणीचं जाळं टाकलं होतं आणि आता दोन टोकांचे दोर धरून माणसं ते किनाऱ्याकडे ओढत होती.

“सकाळी होडीकडे काय सांगितलंय तुमका? कामाचो जाब देव घोळक्याक इचारणा नाय, एकेकाक इचारता!”

सकाळी हे प्रवचन इतकं लांबलं होतं, की इनासने मध्येच “आमेन” म्हणून होडी पाण्यात ढकलली होती.

“इनास, तुझो दोर सैल!”

“मामा, हात सोलपाटले माझे. बघा.”

“आणि तू रे मिंगेल, दोराक टेकून झोपतस?”

“झोपूक नाय, ओढतंय. तुमी जरा हात लावा, मगे कळात.”

“माझा काम लक्ष ठेवूचा!” कैतानचा चेहरा लालबुंद झाला. फादरना दिलेला शब्द ह्या आळश्यांपायी पाण्यात जाणार, ह्या विचाराने त्याचं रक्त उसळत होतं.

तेवढ्यात दोर हलका येऊ लागला. जाळ्याच्या मागे, भलत्याच जागी, समुद्रपक्षी पाण्यात सूर मारत होते.

“बघा! कोणीतरी आंग चोरल्यान! मासळी पळाली! माका नाव होया त्याचा!”

जाळं वाळूवर आलं. मासे जमतात त्या मधल्या पिशवीत एकही मासा नव्हता. जाळ्यात नांगी रुतवून एक कुर्ली तेवढी आपली जागा धरून बसली होती.

मासे न्यायला पाटी घेऊन आलेली कैतानची बायको रोजमेरी खाली वाकली. पिशवीचं बूड बांधायची दोरी मोकळी लोंबत होती.

“अहो, होडी सुटायच्या आधी ह्या पिशयेची गाठ कोण मारता?”

 रापणीत ती गाठ तांडेलच मारतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कैतानने दोरी उचलली आणि उगाचच एक पक्की गाठ मारली.

दुपारी फेस्ताच्या पंगतीत डाळ-भात होता. इनास आला. “मामा, डाळ वाढू?” मग मिंगेल. “मामा, डाळ?” मग दोरावरचा प्रत्येक जण, सोललेल्या हातात पळी घेऊन.

घोळक्याने कोणी विचारलं नाही. एकेकाने येऊन विचारलं.