दादूमामांचं सत्तावन्न

आमच्या पेठेत कुणी सत्तावन्नच्या लढ्याला 'बंड' म्हटलं, की दादूमामा त्याला दूधकट्ट्यावरच, धारा काढणाऱ्या गवळ्यांपुढं, बैठका मारायला लावत. एकदा शाळा तपासायला आलेले साहेब बोलता बोलता चुकले. टायसकट बैठका काढून पुण्याला गेले आणि म्हणे महिनाभर जिना उतरताना मामांचं नाव घेत होते.

"बंड कुणी म्हणायचं, पावणं? ज्याच्या बुडाला आग लागली त्या गोऱ्यानं! आपण लढाई म्हणायची."

मामांचे पणजोबा पलटणीबरोबर उठले आणि तोफेच्या तोंडी गेले. आजोबांच्या काळात घरचे सांगायचे, पटकीनं गेले. वडिलांच्या काळात 'बंडवाल्याचं घर' म्हणून कुणी मुली देईना. आणि स्वराज्य आल्यावर? पेठेतल्या माळ्यामाळ्यावरून एकेक हुतात्मा खाली उतरायला लागला! ज्यांच्या आज्यानं गोऱ्यांच्या घोड्यांना वैरण घातली, ते म्हणायला लागले, वैरणीत विष होतं. मामांच्या गोष्टीत पणजोबा आधी एकच गोरा मारत. मी कॉलेजात जाईपर्यंत ते आख्खी छावणी आटोपून रंकाळ्यावर हातपाय धुवायला जात.

मग पेठेतल्या तालीम मंडळानं चौकात स्मारकाचा दगड बसवायचं ठरवलं. पहिलं नाव मामांच्या पणजोबांचं. पाथरवट छिन्नी परजून म्हणाला, "सांगा मामा, नाव."

मामांनी सांगायला तोंड उघडलं आणि ध्यानात आलं, नाव ठाऊकच नव्हतं! नातवाला आजाचं नाव ठेवायची आपली रीत. पण या घरानं भीतीपोटी ते नाव पुन्हा कुणाला ठेवलंच नव्हतं.

मामा कट्ट्यावर यायचे बंद झाले. घरी गेलो तर भिंतीकडं तोंड करून बसलेले. "सगळ्या पेठेला शिकवत बसलो, आन् माझ्याच माणसाचं नाव मला न्हाय."

त्यांची म्हातारी आत्या बावड्याहून आली होती. ती फिस्सकन हसली. "आरं, थोरल्या आईचा, तुझ्या पणजीचा, उखाणा हाय की! लग्नात आमी बायका अजून म्हणतोय. तुमी बाप्ये तवा पंगतीत लाडू हाणत असताय, ऐकतंय कोण?" आणि पदर सावरून ठसक्यात म्हणाली,

"पंचगंगेच्या घाटावर धुणं धुते वाकून,
रायाजीरावांचं नाव घेते सासूचा मान राखून."

अनावरणाला हलगी अशी कडाडली, की शिरोळात ट्रॅक्टर आपोआप सुरू झाले. गुलालानं आभाळ लाल. मामा माईकपुढं उभे राहिले. आता छावणी कापली जाणार म्हणून सगळे सरसावून बसले.

मामांनी माईक बाजूला सारला. दगडावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाले,

"रायाजीआबा, आता भ्यायचं कारण न्हाय. घरला चला."