टाकीमागचा कावळा

"पान ठेवा, पाच मिनिटांत शिवतो की नाही बघा," मुरलीधररावांनी गुरुजींना छातीठोक सांगितलं. त्यांच्या बायकोनं, अंजनीनं, तीस वर्षं रोज सकाळी छतावर पोळीचे तुकडे टाकले होते. साऱ्या गढा मोहल्ल्यातले कावळे तिला ओळखत. तिच्या वर्षश्राद्धाला ते येणार नाहीत, तर कोणाच्या येतील?

पान ठेवून अर्धा तास झाला. आभाळ कर्फ्यू लागल्यासारखं रिकामं. खाली वडे गार होऊन राहिले होते, आणि कावळा शिवल्याशिवाय पंगत बसणार नव्हती. छतावर वीस माणसं उपाशी उभी. उपाशी माणसांना मेलेल्याच्या इच्छा भराभर आठवतात.

नागपूरहून आलेली मेहुणी इंदिरा म्हणाली, ताईला सराफ्यातल्या पाटल्या पाहिजे होत्या. मुरलीधररावांनी हात जोडून त्या नातीच्या नावानं कबूल केल्या. कावळा नाही. मुलगा श्रीरंग म्हणाला, आईला तुमचा तंबाखू सोडवायचा होता. मुरलीधररावांनी खिशातली डबी भिंतीपलीकडे भिरकावली. तरी कावळा नाही. मग शेजारच्या बळीरामला आठवलं की दोन घरांच्या मधली भिंत मुरलीधररावांनी दोन फूट मागे घ्यावी, असं वहिनींच्या फार मनात होतं. ही इच्छा अंजनीबाईंनी जिवंतपणी कधी बोलून दाखवली नव्हती. मुरलीधररावांनी तीही मान्य केली.

बारा वर्षांची नात लतिका सारखी "आबा, एक बात..." म्हणत होती आणि इंदिरा तिला दर वेळी गप्प बसवत होती. "मोठे बोलून राहिले न? काहून मध्ये मध्ये करतेस?"

शेवटी मुरलीधरराव पानापाशी उकिडवे बसले. खरी गोष्ट त्यांना पहिल्यापासून माहीत होती. अंजनी दोन दिवस सांगत होती, छातीत दुखून राहिलं. ते म्हणाले होते, गॅस आहे, ओवा खा. तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवरच ती गेली.

"गॅस नव्हता तो, अंजनी," ते हळूच म्हणाले. "तू सांगत होतीस. मी ऐकलं नाही."

कावळा आला. भातात चोच घातली, वडा उचलला आणि गेला.

माणसं जिन्यावरून धान्याच्या पोत्यांसारखी खाली कोसळली. पंगतीत वाद झाला, कोणतं वचन लागू पडलं. बळीरामला भिंतीची खात्री होती. मुरलीधररावांनी वर्षभरात पहिल्यांदा भात पुन्हा मागून घेतला.

जेवणं झाल्यावर लतिकानं वही आणली. शाळेत मोहल्ल्यातल्या प्राण्यांचा अभ्यास चालू होता: बघायचं, लिहायचं, पुतळा करायचा, मोबाइलवर चित्रण करायचं. तिच्या वाट्याला कावळा आला होता. आबांनीच दिलेल्या जुन्या छत्रीच्या कापडाचा तिनं मेलेला कावळा शिवला होता. आपल्यातलाच कोणी मेलेला दिसला तर कावळे काय करतात, ते बघायला चार दिवसांपूर्वी तो छतावरच्या पाण्याच्या टाकीमागे उलटा टांगला होता. अंजनी गेल्यापासून आबा छतावर चढलेच नव्हते, त्यांना काय ठाऊक?

"मैं कब से बोल रही थी, आबा. कोणी ऐकतच नव्हतं. मग मीच जाऊन काढला."

मोबाइलवर वेळ दिसत होती. पुतळा काढला बारा चाळीसला. कावळा आला बारा चव्वेचाळीसला.

मुरलीधररावांनी चित्रण पुन्हा लावून बघितलं. "एकदा झालं म्हणून काय सिद्ध होते?" ते म्हणाले. लतिकाला ते पटलं. मॅडमही म्हणतात, तीनदा करून बघा.

दुसऱ्या दिवशी पुतळा परत टांगला. मुरलीधररावांनी पोळी ठेवली, तेच शब्द पुन्हा म्हटले, तासभर बसले. कोणी आलं नाही. पुतळा काढला, कावळा आला. तिसऱ्या दिवशी त्यांनी ते शब्द मोठ्यानं म्हटले, दोनदा. मग पुतळा काढला.

लतिकानं सुंदर अक्षरात निष्कर्ष लिहिला. खाली एक रकाना होता, निरीक्षणाच्या वेळी हजर असलेल्या मोठ्या माणसाच्या सहीचा. मुरलीधररावांनी चष्मा लावून सही केली. मग शेजारी जाऊन तंबाखूची डबी परत मागितली.

"घ्या न, भाऊ," बळीराम म्हणाला. "डबीचं काय एवढं. पण भिंत मात्र वहिनींची इच्छा होय."