फोडणी आणि परराष्ट्र व्यवहार

"फोडणी आपल्या अखत्यारीत येत नाही," पहिल्याच दिवशी माझ्या हातातून मोहरीची डबी काढून घेत आठल्ये म्हणाला. "वास जिना उतरून खाली जातो. म्हणजे तो परराष्ट्र व्यवहार झाला. त्याला गव्हर्नरची संमती लागते."

गव्हर्नर म्हणजे आमची घरमालकीण, फ्राऊ क्लाईन. अठ्ठावन्न साली जर्मनीतल्या आखनला शिकायला आलेले आम्ही तिघे, आठल्ये, सावंत आणि मी, तिच्या घराच्या माळ्यावर राहत होतो. आठल्ये यंत्रांचा अभ्यास करतो अशी विद्यापीठाची समजूत होती. खरं म्हणजे येताना बोटीवर त्याला इंग्रजांच्या ताब्यातल्या एका चिमुकल्या बेटावरचा कारकून भेटला होता, आणि हा पठ्ठ्या त्या बेटाचा सगळा राज्यकारभार तोंडपाठ करूनच युरोपात उतरला. मग आमचा माळा हेच बेट झालं. मीठ, डाळ आणि झाडलोट यांत आम्ही स्वायत्त. गरम पाणी, पाहुणे आणि फोडणी खालच्या मजल्याकडे.

रविवारी सभागृह भरायचं. सावंत विरोधी पक्षात, कारण त्याला भांडी घासायचा कंटाळा.

"अध्यक्ष महाराज, काल मीच घासली."

"गेनाऊ, अगदी बरोबर," आठल्ये म्हणे, "पण कढई वगळून."

बिचाऱ्या फ्राऊ क्लाईनला आपण गव्हर्नर आहोत याचा पत्ता नव्हता. आठल्ये खाली जाई, तळघरातून तिचा कोळसा वर आणून देई आणि येताना संमती घेऊन येई. आम्ही त्यावर विश्वास ठेवत असू.

स्वातंत्र्यावर मात्र तो तावातावाने बोलायचा. कोणतंही बेट कायमचं दुसऱ्याच्या ताब्यात राहू नये, हे त्याचं ठाम मत. म्हणून सावंतने जेव्हा एक फ्लॅट हेरला, वेगळं स्वयंपाकघर, हवी तितकी फोडणी, तेव्हा ठराव एकमताने पास होणार असं आम्ही धरून चाललो. सावंतने हात वर केला, मीही केला. आठल्येचा हात टेबलावरच राहिला.

"ठराव मंजूर," तो म्हणाला. "संमती घेऊन येतो."

बऱ्याच वेळाने परत आला. "नाकारली."

"का पण?"

"कारण देणं गव्हर्नरवर बंधनकारक नाही."

तिघांशिवाय तो फ्लॅट परवडणारा नव्हता. आम्ही चरफडत तिथेच राहिलो.

माझं शिक्षण संपल्यावर निरोप घेताना मी फ्राऊ क्लाईनला त्या नकाराबद्दल छेडलं. ती गोंधळली.

"मला कुणी काही विचारलंच नाही. तो आला आणि शेगडीपाशी गप्प बसला. मी कॉफी दिली. आई गेल्याची तार आली होती ना त्याला, तेव्हाही तसाच बसला होता."

कसली तार? आमच्याजवळ तो अवाक्षर बोलला नव्हता. एका माळ्यावर दोन वर्षं काढली आम्ही. मला फार वाईट वाटलं.

मी वर आलो तेव्हा आठल्ये माझी ट्रंक दोरीने बांधत होता.

"निघायची संमती घेतलीस?"

"घेतली," मी म्हणालो. "तुझंही विचारून ठेवलंय. हवं तितकं राहा म्हणाली."

बांधून झालेली गाठ आठल्ये कितीतरी वेळ आवळत राहिला.